राखाडी रंगातलं डोंगरकडा

गेल्या १७ सप्टेंबरला सकाळी माझाच एक फोटो मला व्हॉट्सअॅपवर आला. एक पडकी दगडी भिंत, तिच्यावर काळा मोठा डाग, मागे उजाड डोंगर, वर वादळासारखं काळवंडलेलं आभाळ. खाली लिहिलं होतं, ‘१९४८. पोलीस अॅक्शनमध्ये जाळलेलं मराठवाड्यातलं एक मुस्लिम गाव.’ दुपारी दुसऱ्या ग्रुपवर तोच फोटो पुन्हा आला. तिथे ओळ होती, ‘रझाकारांनी बेचिराख केलेलं गाव. विसरू नका.’

फोटो मी मार्च २०१९ मध्ये डोंगरकड्याला काढला होता. गाव कुणी जाळलेलं नव्हतं. ते घर माझ्या चुलत मामांचं. ते कामधंद्यासाठी नांदेडला गेले, घराकडे बघायला कुणी राहिलं नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर बसलं.

पण या लबाडीत माझाही हात होता. तो फोटो मूळचा रंगीत. त्याला काळा-पांढरा मीच केला आणि फेसबुकवर टाकताना त्याखाली ना गावाचं नाव लिहिलं, ना साल. लोकांनी आपापली साल आणि आपापला दुश्मन स्वतःच लिहून घेतला.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने निघालं की अर्धापूर लागतं, मग डोंगरकडा, मग वारंगा फाटा. तालुका कळमनुरी. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणीकर, त्याच्या आधी निजामाच्या रियासतीतले. आज डोंगरकडा म्हटलं की केळी आणि हळद. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आलं आणि रान हिरवं झालं. मार्चमध्ये मात्र हिरव्या बागांच्या पलीकडे मुरमाड माळ तसाच वाळलेला असतो आणि त्यावर पळस पेटलेला असतो.

त्या दिवशी ऊन टळटळीत होतं. फोटोत सगळेच रंग एकमेकांशी भांडत होते. भडक निळं आभाळ, नारिंगी पळस, भिंतीवर कुणीतरी टाकलेली निळी ताडपत्री. घरी येऊन मी तो कॉम्प्युटरवर उघडला, रंग काढून टाकले, एक-दोन पट्ट्या इकडेतिकडे सरकवल्या. चित्र एकदम गंभीर झालं. मी खूश झालो. आता कळतं की त्या पट्ट्या सरकवताना मी ताडपत्रीला काजळी बनवत होतो.

हे कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं, रंगीत फोटोतला रंग काढला की खाली जे उरतं ते ‘खरं’ काळं-पांढरं. असं काही खाली दडलेलं नसतं. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, शून्य ते २५५. या तीन आकड्यांचा एक आकडा करायचा, म्हणजे राखाडी छटा मिळते. आता तीनाचा एक कसा करायचा, हा निर्णय असतो. कुणीतरी तो घेतलेला असतो. तुम्ही, नाहीतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने.

सर्वात प्रचलित हिशोब टीव्हीतून आलेला आहे. रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा घरोघरी काळे-पांढरे संच होते, त्यांनाही चित्र दिसलं पाहिजे होतं. म्हणून ठरलं की लालाचे साधारण ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घ्यायचे. माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ भासतो, निळा सगळ्यात मंद, त्यावरून हे प्रमाण आलं. आपल्याकडे १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, पण आमच्या घरी पुढे कित्येक वर्षं काळा-पांढराच संच होता. म्हणजे माझं बालपण याच हिशोबाने राखाडी झालेलं आहे.

हा हिशोब माझ्या पळसाला लावून बघा. फुलाचे आकडे साधारण २३५, ९०, ४० आणि मागच्या आभाळाचे ११०, १५०, २१०. सूत्रात घातले तर फूल येतं १२८, आभाळ १४५. जवळजवळ एकच छटा! ज्या झाडामुळे मी गाडी थांबवली ते झाड आभाळात विरघळून गेलं.

मग फक्त लाल आकडा घ्यायचा ठरवलं. फूल २३५, आभाळ ११०. काळपट आभाळावर पांढरीशुभ्र फुलं. आणि फक्त निळा घेतला तर? फूल ४०, आभाळ २१०. पांढऱ्या आभाळावर काळी फुलं. झाड तेच, घटका तीच, आणि तिन्हींपैकी कुठलंही चित्र खोटं म्हणता येत नाही. मी लाल निवडला होता. भिंतीवरच्या निळ्या ताडपत्रीचा लाल आकडा होता ४०, म्हणून ती काळीकुट्ट झाली, घर जळाल्याचा ‘पुरावा’ झाली.

लाल निवडण्याची ही युक्ती माझी नाही. फिल्मच्या काळात भिंगासमोर पिवळी किंवा लाल काच लावून हेच करत. अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोमसमोर उभा होता. आधी पिवळी काच लावून एक प्लेट काढली, मग गडद लाल काच लावून दुसरी. लाल काचेने आभाळ जवळपास काळं झालं आणि कडा अंगावर आल्यासारखा दिसू लागला. डोळ्यांना दिसलं होतं ते नव्हे, आपल्याला वाटलं होतं ते प्लेटवर आणलं, असं तो पुढे सांगत असे. त्यात त्याने काही लपवलं नाही. डोंगराच्या आभाळावरून कुणाचा गुन्हा सिद्ध होत नाही, हीही एक सोय.

निळ्या आकड्याचं चित्र, म्हणजे पांढऱ्या आभाळावरची काळी फुलं, बघताना मला थेट अजिंठा आठवला. मराठवाड्याचे सगळ्यात जुने फोटो त्याच नजरेचे आहेत.

मद्रासच्या लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला आला. आपल्याकडे तो पारोच्या गोष्टीमुळे माहीत आहे, पण त्याचं काम होतं लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करण्याचं. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले, ते लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. दरम्यान गिलच्या हाती कॅमेरा आला होता. त्याने लेणी टिपली, लोणारची मंदिरं टिपली, बुलडाण्याकडच्या जुन्या मशिदी टिपल्या. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली. रंग जळाले, राखाडी राहिली.

त्या वेळची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर चिकट द्रावण पसरायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि ती ओली असतानाच फोटो काढून धुवायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात काच किती वेळ ओली राहत असेल याचा अंदाज करा. या रसायनाला जवळपास निळा प्रकाशच दिसायचा. लाल त्याला अंधार, हिरवा जवळपास अंधार. म्हणून त्या काळच्या फोटोंत झाडी काळी आणि आभाळ कोरं पांढरं असतं. ढग असले तरी नसतात. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने यावर तोड काढली होती. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक छाप. १८५०च्या दशकातली गोष्ट. म्हणजे फोटोत फेरफार करायला लोक कॉम्प्युटरसाठी थांबले नव्हते.

निजामाच्या दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे वेरूळ-दौलताबादचे फोटो बघितले तर तंत्र एक पायरी पुढे गेलेलं आहे, कोरड्या प्लेट आल्या आहेत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८९४ मध्ये त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. फोटो काढणाऱ्याला चित्रकार म्हणणं हा नुसता दरबारी शिष्टाचार नसावा असं मला वाटतं. दख्खनच्या आणि मुघलांच्या दरबारात ‘स्याह कलम’ आणि ‘नीम कलम’ची परंपरा होती. शाईने, एकाच छटेत काढलेली चित्रं, फार तर कुठे सोन्याचा किंवा रंगाचा हलका हात. बिनरंगाचं चित्र म्हणजे अपुरं चित्र, असं आपल्या लोकांनी कधी मानलं नव्हतं.

आणखी मागे जायचं तर बसऱ्याचा इब्न अल-हैसम. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘किताब अल-मनाझिर’मध्ये तो प्रकाश आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी धरून चालतो. दोन्ही वस्तूवरून डोळ्याकडे येतात, पण वेगवेगळ्या. आज आपल्या मोबाइलचा कॅमेरा याच फरकावर चालतो. त्याच्या आतल्या बारीक घरांना फक्त उजेड मोजता येतो, रंग कळत नाही. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये पेटंट घेतलेली जाळी त्यांच्यावर बसवलेली असते, निम्म्या घरांवर हिरवी काच, पाव घरांवर लाल, पाव घरांवर निळी. आलेल्या आकड्यांवरून रंगांचा अंदाज बांधला जातो. म्हणजे आधी राखाडी, मग रंग. आपण रंगीत फोटो राखाडी करतो तेव्हा त्याला माहेरी पाठवतो म्हणा हवं तर.

राखाडीत काय हरवतं हे ओळखून काम केलेला माणूस मला भेटला तो गुलाम यझदानी यांच्यात. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे हे प्रमुख. अजिंठा तेव्हा त्यांच्या अखत्यारीत. इटलीहून जाणकार बोलावून चित्रांची डागडुजी करून घेतली, आणि मग फोटोंवर आधारलेले अजिंठ्याचे चार भाग ऑक्सफर्डकडून काढले. पहिला १९३० मध्ये, शेवटचा १९५५ मध्ये. मधल्या काळात संस्थानच राहिलं नाही, पण पुस्तक पुरं झालं. या ग्रंथाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलंय की आतल्या प्रतिमा रंगीत आणि एकरंगी अशा दोन्ही आहेत आणि त्या छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत. कोरडं, सरकारी वाटावं असं नाव. वाचणाऱ्याला मात्र पहिल्याच पानावर कळतं की आपल्यासमोर काय ठेवलंय आणि ते कसं बनवलंय. मी फेसबुकवर एवढंही केलं नव्हतं.

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे दादांचा एकच फोटो आहे, नांदेडच्या एका स्टुडिओत काढलेला, बहुधा १९४६चा. शेरवानी, हातात छडी, डोक्यावर काळी रूमी टोपी. त्या काळ्या टोपीवर आमच्या वालिदांचा फार जीव. ईदला स्वतःही काळीच टोपी घालायचे, ‘अब्बांसारखी’ म्हणून. फॉरवर्डच्या भानगडीनंतर मी जुने फोटो घेऊन फुफीकडे डोंगरकड्याला गेलो. फुफीचं वय ऐंशीच्या पुढे, नजर अजून बरी. दादांचा फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. मी टोपीचं बोललो.

“काली?” ती म्हणाली. “लाल थी वो. रूमी टोपी लाल इच रहती. मेरेकू याद है, गहरी लाल, ऊपर काला फुंदना.”

मला आधी वाटलं, म्हातारपणाचा घोळ. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की फुफी बरोबर आहे आणि फोटो चूक. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेलने शोधलं की प्लेटमध्ये विशिष्ट रंग मिसळले तर तिला हिरवाही दिसू लागतो. या ‘ऑर्थो’ प्लेट-फिल्म पुढे कित्येक दशकं चालल्या. लालही पाहणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ प्लेट १९०६ पासून बाजारात होत्या, पण ऑर्थोची एक सोय होती. लाल दिसत नसल्यामुळे ती लाल दिव्याच्या उजेडात धुता येते. सिनेमात डार्करूम म्हटलं की लाल दिवा दाखवतात तो यामुळे. दादांच्या फोटोला ऑर्थो फिल्मच वापरली असावी. तिला लाल म्हणजे काळोख. म्हणून टोपी काळी, ओठ काळपट, आणि गोरेपान दादा सावळे दिसतात. वालिद आयुष्यभर एका रसायनाची आठवण डोक्यावर घालून नमाजला गेले. ते असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

मग मी फुफीला तो भिंतीचा फोटो दाखवला, व्हॉट्सअॅपवर आलेला, ‘१९४८’ वाला. आमच्या घरात त्या सालाबद्दल मोठ्याने बोलत नसत. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केलं ते केलं, आणि सप्टेंबरनंतर त्याचा हिशोब ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्याकडूनही घेतला गेला. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसल्याचं नोंदवलं होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. म्हणूनच माझ्यासारख्यांना फोटोची भूक असते. काहीतरी दिसावं, बोट ठेवता यावं. आणि म्हणूनच असा एक बनावट फोटो सापडला की ‘बघा, यांचं सगळंच बनावट’ म्हणणाऱ्यांचं काम सोपं होतं. मला राग आला तो याचा. माझ्या हौसेने मी त्यांच्या हातात दगड दिला होता.

फुफीने फोटो जवळ घेतला, लांब धरला. मी काही बोललो नाही. तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ये केले कब के?”

भिंतीच्या उजवीकडे, खाली, केळीच्या बागेचा एक तुकडा आला होता. मला स्वतःला तो कधी दिसला नव्हता.

“उस वक्त इधर केले किधर थे रे बाबा? ज्वारी रहती थी, कपास रहता था. पानी किधर था?”

इसापूरचं धरण ऐंशीच्या दशकातलं. कालव्याच्या आधीच्या डोंगरकड्यात अशी बाग कुठून येणार? हजारो लोकांनी पुढे पाठवलेल्या फोटोचा पंचनामा फुफीने अर्ध्या मिनिटात केला, आणि तोही आभाळाकडे न बघता, पिकाकडे बघून.

तेव्हापासून मी काम करायची रीत बदलली आहे. राखाडी करणं सोडलेलं नाही. मला ते आवडतं, आणि आमच्या भागातल्या दुपारी रंगापेक्षा सावलीच जास्त बोलते. पण आधी तिन्ही आकड्यांची तीन चित्रं वेगवेगळी काढून बघतो. लालात आभाळ काय म्हणतं, हिरव्यात केळीचं पान किती उजळतं, निळ्यात दूरचा डोंगर कसा धुरकटतो. काळी माती तिन्हींत काळीच राहते, तिच्यावर कुणाची मात्रा चालत नाही. मुरूम मात्र लालात दुधासारखा होतो आणि निळ्यात कोळशासारखा. मग काय कशात मिसळायचं ते ठरवतो. घाईत एक बटण दाबून रंग उडवत नाही. मूळ रंगीत फाइल कधी पुसत नाही. आणि खाली गाव, महिना, साल, शिवाय ‘मूळ रंगीत, नंतर कृष्णधवल’ एवढं लिहितो. माझ्या एका मित्राला ही ओळ फोटोची मजा घालवणारी वाटते. वाटू दे.

त्या १७ सप्टेंबरच्या फोटोचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दोन्ही ग्रुपवर मी मूळ रंगीत फोटो टाकला. तारीख लिहिली, घर कुणाचं ते लिहिलं, काळा डाग म्हणजे ताडपत्री आहे हेही लिहिलं. वाटलं, आता विषय मिटला. एका ग्रुपवर दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘जुन्या फोटोत एआयने रंग भरून दिशाभूल करू नका.’ दुसऱ्या ग्रुपवर एका सद्‌गृहस्थांनी ‘मुघल-ए-आझम’चं उदाहरण दिलं. १९६० चा काळा-पांढरा सिनेमा २००४ ला रंगीत करून दाखवला, तसंच हे, म्हणाले. त्यातला काही भाग १९६० मध्येही रंगीतच होता, असं मी लिहिणार होतो. मग मोबाइल खिशात ठेवला.

पुढच्या खेपेला फुफीला तो रंगीत फोटो दाखवला. तिने भिंत बघितली नाही, पळस बघितला नाही. निळ्या ताडपत्रीवर बोट ठेवलं.

“ये तो हमारी इच ताडपत्री है. हल्दी सुखाने कू दी थी,” ती म्हणाली, “वापस किसने लाके नइं दी.”